पांढऱ्या कापडावरचं पीठ

अण्णा,

आज सकाळपासून तुमचं ते पांढरं मांजरपाटाचं कापड डोळ्यांसमोरून हलत नाही. तुम्हाला जाऊन वीस-एक वर्षं होऊन गेली. इतक्या वर्षांनी मुलीला वडिलांचा चेहरा आठवावा, आवाज आठवावा, निदान त्यांनी छड्या मारून नव्हे पण छडीच्या धाकाने पाठ करून घेतलेली संस्कृतची रूपं तरी आठवावीत. मला आठवतं ते कापड. तुम्ही असतात तर चष्मा कपाळावर सरकवून म्हणाला असतात, ‘आमच्या विदुषींना देव आठवत नाही, देवाखालचा पाट आठवतो.’ म्हणा. सध्या बोलायची सोय तुमच्याकडे नाही, तेव्हा मीच तुमच्या वतीने टोमणे मारून घेते.

मे महिन्याच्या सुट्टीत तुम्ही मला ऑफिसला न्यायचा ते दिवस. बडोद्याच्या घडियाळी पोळातून, आपल्या गल्लीतून, सायकल निघते, मी मागे कॅरियरवर, हातात आईने दिलेला डबा, आणि मांडवीच्या दरवाज्यापाशी गर्दीत तुम्ही उतरून सायकल हातात धरता, कारण ‘दरवाज्याखालून पायी जावं, आपण काही महाराज नाही.’ ऑफिस म्हणजे पोथ्यांचं ऑफिस. भिंतभर कपाटं आणि कपाटांत लाल बासनांत बांधलेल्या पोथ्या. आत गेलं की वेखंडाचा आणि कडुनिंबाच्या वाळक्या पाल्याचा वास. तुम्ही टेबलावर ते पांढरं कापड अंथरायचा, सुरकुती राहू द्यायचा नाही, मग एकेक बासन कपाटातून काढायचा आणि दूध प्यालेल्या तान्ह्या मुलाला ढेकर यावी म्हणून धरतात तसं एका हातावर धरून दुसऱ्या हाताने हलकेच थोपटायचा. बासन सोडायचं नाही, पोथी उघडायची नाही. फक्त थोपटायची आणि कापडावर काय पडतं ते बघायचं.

खूप काही पडायचं. भिंग घेऊन तुम्ही वाकायचा आणि मला वाकायला लावायचा. ‘हे करडं दिसतंय ना, हे कागदाचं म्हातारपण. त्याला औषध नाही, आपल्यालाही नाही. हा हिरवट चुरा कडुनिंबाचा. हे काळे ठिपके शाईचे पापुद्रे.’ आणि मग एखाद्या बासनाखाली रव्याहून बारीक, फिकट पिवळं काहीतरी सांडलेलं दिसलं की तुमचा आवाज खाली यायचा, जणू आतल्याला ऐकू जाईल. ‘हे मात्र पीठ आहे. आत कुणीतरी जेवतंय.’ तेवढंच बासन सोडलं जायचं. कसर लागलेली पोथी कडेपर्यंत पोखरली जायच्या आत सापडायची, दोन-चार पानांना भोकं पडलेली असायची, एवढंच. मी एकदा विचारलं होतं, सगळ्याच पोथ्या रोज उघडून का नाही बघत? तुम्ही म्हणालात, ‘रोज उघडल्या तर कसरीच्या आधी मीच त्यांना मारीन.’

आणि ती बोलणी. मला वाटलं तुम्हाला मदत करावी. तुम्ही पाणी प्यायला गेलात तेवढ्यात मी कापड उचललं, खिडकीबाहेर झक्क झटकलं, परत अंथरलं, हात मागे बांधून शाबासकीची वाट बघत उभी राहिले. तुम्ही आलात, कापडाकडे पाहिलंत, माझ्याकडे पाहिलंत. ओरडला नाहीत, म्हणून जास्त लागलं. ‘बाईसाहेब, झटकायची घाई सगळ्या जगाला असते. वाचायची नसते कुणाला.’ मग ते बासन पुन्हा थोपटायला घेतलंत आणि दुपारचा डबा अर्धा तास उशिरा उघडला. पुढे मी एम. ए. झाले तेव्हा तुम्ही मला भेट म्हणून काय दिलंत? दुसऱ्या बापांनी घड्याळं दिली. तुम्ही नवं कोरं दोन हात मांजरपाट दिलंत. ‘तुझ्या पुस्तकांसाठी.’ आता तुम्हाला कळवायला हरकत नाही की आईने ते पहिल्याच पाडव्याला ताब्यात घेतलं आणि गेली कित्येक वर्षं त्यात श्रीखंडाचा चक्का टांगला जातो. चक्का फार छान होतो.

हे सगळं आज का, ते सांगते. आम्ही दोघी, आई आणि मी, आता फतेगंजला राहतो. शेजारच्या बिल्डिंगमध्ये एक मुलगी आहे, आठवी-नववीत माझ्याकडे संस्कृत शिकायला यायची. भाषेवरच्या प्रेमाने नव्हे, त्यात मार्क चांगले पडतात म्हणून. ती आता इथल्याच एका प्रयोगशाळेत संशोधन करते. पावसाळ्यात एक दिवस घरी आली, चहा संपेपर्यंत इकडचं तिकडचं बोलली, मग म्हणाली,

‘बेन, तुमच्या फॅमिलीमधे दोन जणांना स्वादुपिंडाचा कॅन्सर झाला ना? तुमचे पप्पा आणि काका? मग तुमचं ब्लड आम्हाला पायजे.’

‘माझं रक्त तू आठवीतच आटवलंस. आता काय राहिलंय?’

‘थोडंच पायजे, बेन. एक ट्यूब.’

मग तिने मला जे समजावलं ते ऐकताना माझा चहा निवला. आपल्या शरीरातली जवळजवळ प्रत्येक पेशी म्हणे सतत बाहेर काहीतरी टाकत असते. अगदी सूक्ष्म, आवरण असलेल्या पिशव्या, केसाच्या जाडीचे हजार भाग केले तर त्यातल्या एका भागाएवढ्या. मराठीत त्यांना पेशीबाह्य पुटिका म्हणतात. मी मनात म्हटलं, एवढं कशाला, सरळ पुड्या म्हणा. मांडवीतल्या वाण्याच्या पुडीवरून दुकान ओळखता यावं तशी ही पुडी. ज्या पेशीने बांधली तिच्या घरातलं थोडंथोडं सामान आत असतं, तिची प्रथिनं, तिच्या हुकमांच्या चिठ्ठ्या. आणि ती रक्तात सापडते, लाळेत सापडते, लघवीत सापडते. (इथे तुमच्या सोवळ्याची आठवण झाली. ज्ञान कुठून घ्यावं याबाबत शास्त्राने विधिनिषेध ठेवलेला नाही.) बिघडलेली पेशीही पुड्या टाकते, उलट जास्तच टाकते, आणि गाठ अजून इतकी लहान असते की कुठल्या फोटोत दिसणार नाही, तेव्हापासून टाकते. त्या पुड्या वेळेवर ओळखता आल्या तर रोग वेळेवर कळेल, असा यांचा सगळा खटाटोप.

‘पहिले सायंटिस्ट लोक याला धूळच म्हणायचे, बेन,’ ती म्हणाली. ‘पछी म्हणाले, पेशीचा कचरा आहे. खूप वर्षं कोणी वाचलंच नाही त्यात काय आहे ते.’

अण्णा, मी कप खाली ठेवला. पुढे तासभर मी तिला तुमचं कापड, तुमचं थोपटणं, तुमचं पीठ सांगत बसले आणि ती जमिनीवर मांडी घालून ऐकत बसली, आठवीतसुद्धा ऐकलं नव्हतं इतक्या मन लावून. शेवटी म्हणाली, ‘बेन, आमचा प्रॉब्लेम सेम आहे. धूळ खूप आहे, पीठ थोडं आहे. चांगल्या पेशींच्या पुड्या एवढ्या, की त्यात ती एक शोधायची.’ चुकतंही, असंही तिने सांगितलं. दवाखान्याच्या दरपत्रकात ही तपासणी अजून आलेली नाही, आम्ही शिकतोय, तुम्ही आम्हाला शिकायला मदत करताय. मला तिचं हे सांगणं फार आवडलं. ज्याला आपलं कुठे चुकू शकतं ते माहीत असतं त्याच्या हाती रक्त द्यायला हरकत नसते.

आई रोज कुकर न लावता पातेल्यात भात करायची आणि एक शीत बोटांत दाबून बघायची, आठवतं? तुम्ही पाटावरून म्हणायचा, ‘स्थालीपुलाकन्याय!’ आणि आई म्हणायची, ‘न्याय तिकडे ठेवा आणि ताटं घ्या.’ त्या न्यायाशी माझं आता थोडं भांडण झालं आहे. एका शितावरून भाताची परीक्षा होते, कारण सगळी शितं एकाच आधणात सारखीच शिजतात. शरीराचं तसं नाही. तिथे पातेलंभर भात उत्तम असतो आणि तळाशी कुठेतरी एकच शीत आंबायला लागलेलं असतं. कुठलंही शीत काढून दाबून बघा, चांगलंच निघणार. तुमचं तसंच झालं. तुमची नाडी चांगली, रक्तदाब चांगला, पाठांतर तर विचारूच नका. पोटात वर, बरगड्यांच्या खाली दुखायचं, ते पाठीत जायचं, आणि तुम्ही हिंगाष्टक चूर्ण घेऊन सायकल काढायचा. डॉक्टरकडे जायचं म्हटलं की कधी श्राद्धपक्ष, कधी सूचीचं काम, कधी कुणी पुण्याहून पोथी बघायला येणार. मग एक दिवस आरशासमोर तुम्ही स्वतःच खालची पापणी ओढून बघितलीत. डोळे पिवळे झाले होते. जुन्या पोथीत लेखनिकाची चूक झाली की तो त्यावर पिवळा हरताळ लावायचा. तुम्ही मला हाक मारलीत आणि म्हणालात, ‘बघ ग, कुठेतरी चूक झालेली दिसते. हरताळ लागलाय.’ मी हसले. त्या घरात हसायची शिस्तच होती तशी. मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी सगळे फोटो दिव्यावर लावले आणि फक्त म्हणाले, उशीर झाला. काकांचंही पुढे तेच झालं, तोच रोग, तोच शब्द.

दुसऱ्यांच्या पोथ्या जन्मभर थोपटलेला माणूस. जाऊ दे.

रक्त देताना एका कागदावर विचारलं होतं की काही संशयास्पद दिसलं तर तुम्हाला कळवायचं का. मी ‘हो’वर खूण केली, मोठी, ठसठशीत. तुमची मुलगी म्हणून. खूण करायला काय जातं? नवरात्र संपलं आणि तिचा फोन आला. ‘बेन, केम छो’ म्हणाली, आईची तब्येत विचारली, कॉलेजची चौकशी केली. शेवटी म्हणाली, ‘बेन, तुमच्या अण्णांच्या भाषेत सांगू? थोडं पीठ दिसतंय. पण चिंता ना करशो. चुकीचं पण असू शकेल. आमचे डॉक्टर म्हणतात, पोटाचा एमआरआय करून घ्या. आता बासन सोडून बघायला पायजे.’ रिकाम्या पोटी जायचं, चार-सहा तास काही खायचं नाही, बाकी काही त्रास नाही. मी अगदी शांतपणे ‘बरं’ म्हटलं आणि पहिली वेळ ठरवली. त्या दिवशी कॉलेजात परीक्षेचं सुपरव्हिजन निघालं. दुसरी ठरवली, त्या दिवशी मला वाटलं सर्दी होणार. आजची तिसरी. आज अकरा वाजता. आईला यातलं काही सांगितलेलं नाही. या वयात कशाला. मी नऊ वाजता लिहायला बसले, म्हटलं वेळ जाईल. समोर दिवाळीच्या फराळातला लिल्या चिवड्याचा, बटाट्याच्या त्या ओलसर चिवड्याचा, डबा आहे, खिडकीतून लष्कराच्या बाजूची झाडं दिसतात, आणि मी तुम्हाला पत्र लिहिते आहे.

एक गोष्ट सारखी आठवते. ती आठवली की बरं वाटतं म्हणून आठवते, हेही कळतंय. ते तपकिरीचं प्रकरण. कुठल्याशा न्यायग्रंथाचं बासन थोपटलंत आणि कापडावर बारीक, तांबूस पीठ सांडलं. तुम्ही आयुष्यात तसलं पीठ पाहिलं नव्हतं. नवीन जातीची कसर! त्या पोथीला वेगळ्या खोलीत हलवलं, वेखंडाच्या पुरचुंड्या भोवती रचल्या, शेजारची दहा बासनं सोडली, दोन दिवस तुम्ही घरी आलात की जेवताना फक्त कसरीबद्दल बोलत होतात. तिसऱ्या दिवशी पानं एकेक करून उलटताना भिंगासकट इतके जवळ वाकलात की ते पीठ नाकात गेलं. मग शिंका. एकावर एक, थांबेनात. दमून खुर्चीवर बसलात आणि तुमच्या लक्षात आलं की गेल्या महिन्यात काशीहून आलेले शास्त्रीबुवा हीच पोथी वाचत बसले होते, आणि त्यांच्या हाताला आणि डबीला क्षणाची विश्रांती नव्हती. पोथीला रोग नव्हता. पोथीला तपकीर लागली होती. घरी येऊन सांगताना तुम्ही पुन्हा शिंकून दाखवलंत आणि आई पदर तोंडाला लावून म्हणाली, ‘म्हणजे दोन दिवस ते वेखंड फुकटच!’ तुम्ही म्हणालात, ‘फुकट कसं? इतक्या वर्षांत त्या पोथीला कुणी वारा दिला नव्हता.’

माझंही पीठ तपकीरच निघेल. निघू शकतं, ती मुलगीच म्हणाली. पण अण्णा, एक फरक आहे. बासन सुटताना पोथीला भीती वाटत नाही.

इथवर लिहिलं आणि आई आत आली. बाहेर जायची साडी, खांद्याला पर्स, पायात चपला.

‘झालं का लिहून? दहा वाजले.’

‘तू कुठे निघालीस?’

‘तुझ्याबरोबर.’

‘मी कॉलेजात—’

‘दिवाळीच्या सुट्टीत?’ ती माझ्या पलंगावर बसली. ‘पावसाळ्यात केराच्या डब्यात कापसाचा बोळा होता. आपल्या घरात वाती मी वळते. रक्त लागलेली वात मी वळलेली नाही.’

‘मग तेव्हाच विचारायचंस.’

‘तुझ्या वडिलांना नाही विचारलं. त्यांच्या धोतराला दोन निऱ्या जास्त पडायला लागल्या होत्या. मीच धोतर धुवायची, मीच चुण्या करून ठेवायची, मला दिसत नव्हतं होय? म्हटलं, विद्वान माणूस आहे, कळलं की सांगतील.’ ती पर्सची चेन उघडत राहिली, मिटत राहिली. ‘आता नाही हो विद्वानांवर सोडायचं. आज सकाळी तुझ्या त्या मुलीचा फोन आला, तू अंघोळीला होतीस. म्हणाली, मासी, बेनला काही खाऊ देऊ नका. तेव्हा मी सगळं काढून घेतलं तिच्याकडून.’

आणि मग तिची नजर या कागदावर आली. कागदावर, टेबलावर, माझ्या मांडीवर. तिने बोट टेकवलं, उचललं, डोळ्यांजवळ नेलं. बटाट्याचा कीस. चण्याची डाळ. हळद. तीळ. मग डब्याचं झाकण उघडून आत पाहिलं. काल भरलेला डबा निम्म्यावर आला होता.

‘अग,’ आई म्हणाली. एवढंच. रागावली नाही, तुमच्यासारखीच.

तिने पर्समधून फोन काढला, लांब धरून नंबर शोधला आणि आपल्या त्या चोख बडोद्याच्या गुजरातीत माझा चिवडा सांगून दुपारनंतरची वेळ मागितली, ‘बेटा, आणे तो चेवडो खाई लीधो छे. बपोर पछी चालशे?’ पलीकडून काहीतरी बोलणं झालं. ‘हा. हा. चार वागे. ना, हवे पाणी पण हुं पूछीने आपीश.’ म्हणजे आता पाणीसुद्धा मला विचारूनच मिळणार. फोन ठेवला, डबा काखेत मारला आणि दारापाशी वळून म्हणाली, ‘चार वाजता. तोवर मी इथेच बसणार आहे, बाहेरच्या खोलीत. चपला काढत नाही.’

ती आता तिथे बसली आहे. वर्तमानपत्राची पानं उलटल्याचा आवाज येतो आहे, वाचत नाही हे आवाजावरून कळतं. चार वाजता आम्ही दोघी रिक्षाने जाऊ आणि जे काय आहे ते उघडून बघू. पीठ असेल तर दोन-चार पानांवर असू दे, एवढंच तुमच्याकडे मागते. तपकीर निघाली तर तुमच्या नावाने शिंकेन.

पत्र कुठे टाकायचं हा प्रश्न नाही, तुमचा पत्ता कुणाकडेच नाही. घडी घालून चक्क्याच्या त्या कापडात गुंडाळून ठेवीन. आत्ताच आई बाहेरून म्हणाली, ‘तो कागद झटक तरी, मुंग्या येतील.’ मी झटकला नाही. तुम्ही एकदा वाकून पाहिलं असतंत तर लगेच ओळखलं असतंत की हे भुकेलेल्या माणसाचं खाणं नव्हे. नव्हतीच भूक, अण्णा. साडेनऊला डबा उघडला तेव्हा रिकाम्या पोटी जायचंय हे मला पक्कं आठवत होतं.